शेकोटीचा खड्डा पावसाळ्यातून नीट कसा बाहेर काढायचा

आमच्या अलिबागकडच्या वाडीत विहिरीच्या पलीकडे जांभ्याच्या चिऱ्यांचा एक गोल आहे, तीन फूट रुंद, आत लोखंडी रिंग आणि वर सळयांची जाळी. दिवाळीनंतर रोज संध्याकाळी शेकोटी आणि जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटीचं, म्हणजे शेंगा भाजायचं, मडकंही त्यातच. म्हणजे वापर जेमतेम चार महिने आणि पावसाचा मारा पण चार महिने, तोही २००० मिमीच्या वर. हल्ली बरेच जण फार्महाऊसवर असा फायर पिट बांधून घेतात आणि दोन पावसाळ्यांत जाळी गळाली की काय चुकलं म्हणून विचारतात, त्यामुळे एकदा सगळं सविस्तर लिहिते.

सुरुवात राखेपासून करा. झाकण, ताडपत्री सगळं नंतर. पहिल्या वर्षी मी राख आत तशीच ठेवली आणि वरून निळी ताडपत्री करकचून बांधली, मनात काय तर थेंबभर पाणी आत जाणार नाही. गणपतीला उघडली तर ताडपत्रीला आतून थेंब लोंबकळत होते, राखेचा काळा चिखल झालेला आणि जाळीची मधली सळई बोटाने नुसती दाबली तर पापुद्रे सुटून हातात आले. सासूबाई म्हणाल्या, अगं राख आधी काढायची असते, ती पाणी धरून ठेवते. अगदी बरोबर आहे ते, राखेत क्षार असतात, ती हवेतला ओलावा ओढते आणि लोखंडाला चिकटून बसली की सुकतच नाही, त्यात आमच्याकडे समुद्राची खारी हवा, मग गंजाला अजून काय पाहिजे.

म्हणून मे संपायच्या आत, शेवटची शेकोटी विझून दोन दिवस झाले की राख पूर्ण उपसायची, कोपऱ्यातली खरवडून, आणि मग कोरड्या झाडूने झाडून घ्यायची. पाण्याने धुवायला जाऊ नका. राख वरून गार लागते पण आत निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत धुमसत असतो, म्हणून ती पत्र्याच्या डब्यातच काढा, प्लास्टिकच्या बादलीत अजिबात नको. निव्वळ लाकडाची राख असेल तर थोडी थोडी नारळाच्या आळ्यात टाकता येते.

मग तळ बघा. खड्ड्यात बादलीभर पाणी ओता आणि बघत बसा, दहा-पंधरा मिनिटांत जिरलं तर ठीक, डबकं राहिलं तर वर कितीही झाका खालून ओल येतच राहणार. आम्ही फूटभर खोल खणून खाली जाड खडी आणि वर बारीक खडी भरली आणि उताराच्या बाजूला एक चर काढून दिला. चरात पाईप टाकायचा असेल तर जीआयचा (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) टाका, प्लास्टिकचा आगीजवळ टिकत नाही. आणि ज्यांचा फायर पिट म्हणजे पायांवरची लोखंडी कढई आहे त्यांनी फॅब्रिकेटरकडून तळाला अर्धा इंची दोन-तीन होलं पाडून घ्या, नाहीतर पहिल्याच सरीत तिची डासांची टाकी होते, आणि डेंग्यूच्या डासाला साचलेलं स्वच्छ पाणी आवडतं.

जाळी सुटी असेल तर बाहेर ठेवूच नका. तारेच्या ब्रशने घासायची, उन्हात कडक तापवायची आणि गरम असतानाच फडक्याने खायच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा, मग कागदात गुंडाळून पडवीत टांगून ठेवायची. जास्त तेल लावलं तर चिकट होऊन धूळ धरते. रिंगला मात्र उष्णता सहन करणारा काळा पेंट मिळतो तो लावा. रेड ऑक्साईड (लोखंडाला नेहमी लावतात तो तांबडा प्रायमर) लावू नका, पहिल्या आगीतच जळून सुटतो आणि घाण वास येतो.

आता झाकण. माझं स्पष्ट मत असं आहे की घट्ट बांधलेल्या झाकणापेक्षा थोडं उघडं झाकण बरं. खड्ड्याच्या मधोमध बांबूची तिकाटणी उभी करायची, वरून जाड सिलपोलिन, म्हणजे प्लास्टिकची मजबूत ताडपत्री, २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम) पुढचं, तंबूसारखं उतरतं सोडायचं म्हणजे वर पाणी साचत नाही आणि कडा जमिनीपासून चार बोटं वर ठेवायच्या म्हणजे आत वारा खेळतो. पश्चिमेच्या बाजूची कड तेवढी खाली घ्या कारण झड तिकडूनच येते. पत्र्याचं झाकणही चांगलं, विटांवर एका बाजूला उतार देऊन ठेवलेलं, पण ते बांधा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमचं झाकण, नुसते दोन दगड ठेवलेले त्यावर, उडून पार वाडीच्या टोकाला माडाच्या बुंध्यात अडकलेलं सापडलं आणि पत्र्याची कड बुंध्यात चांगली दोन बोटं घुसली होती. तिथे माणूस असता तर, हा विचार अजून जात नाही माझ्या डोक्यातून. तेव्हापासून चारी बाजूंना खुंट्या आणि नायलॉनची दोरी, वादळाचा इशारा आला की पत्रा सरळ घरात.

श्रावणात उघडीप मिळाली, दोन तास ऊन पडलं, की झाकण काढून टाका. एवढं केलं तरी निम्मं काम होतं. पण हात घालायच्या आधी काठीने ठोका, कोरडी जागा मिळाली की विंचू नाहीतर साप येऊन बसलेला असू शकतो.

पाऊस गेल्यावर घाई नको, ही चूक सगळ्यात जास्त लोक करतात. जांभा पाणी पितो, वरून सुका दिसला तरी आतून ओला असतो, आणि एकदम मोठा जाळ केला की आतल्या पाण्याची वाफ होऊन चिरा तडकतो. नदीतले गोटे लावले असतील तर फुटून तुकडे उडतात, ते मुळात लावूच नयेत. सिमेंटचा गिलावाही असाच सुटतो, म्हणून सांध्यांना माती, तूस आणि शेण कालवून लावा, दरवर्षी थोडी डागडुजी लागते पण पाच मिनिटांचं काम आहे. ऑक्टोबरच्या उन्हात आठ-दहा दिवस खड्डा पूर्ण उघडा ठेवा, मग पहिल्या संध्याकाळी चार करवंट्या आणि मूठभर काटक्या, एवढाच जाळ. दुसऱ्या दिवशी थोडा वाढवा. चिऱ्यांमधून पांढरट वाफ निघताना दिसते, ओल्या मातीचा वास येतो, ते थांबेपर्यंत लाकडाचा ओंडका टाकायचा नाही.