गच्चीवर काठी रोवून वेळ कशी बघायची (ठाणेकरांसाठी)

सावली सगळ्यात छोटी झाली की बारा वाजले, हे शाळेतलं गणित ठाण्यात चालत नाही. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आणि आपण राहतो ७३ च्या जवळ, त्यामुळे इथे मध्यान्ह होते सरासरी १२:३८ ला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ आणि फेब्रुवारीच्या मध्यात पार १२:५२. मला हे माहीतच नव्हतं, दोन रविवार काठी वाकडी आहे समजून तीच सरळ करत बसलो, वॉचमन येऊन बघून गेला.

तर गणपतीत उरलेल्या शाडूच्या गोळ्यात हातभर काठी उभी करा, दोऱ्याला नट बांधला की झाला ओळंबा, त्याने चेक करा. जुन्या ज्योतिषात या काठीला शंकू म्हणतात. सकाळी दहाला सावलीच्या टोकावर खडूने खूण करा आणि काठीपासून तेवढीच सुतळी धरून गोल काढा, सावली आधी आखडते मग परत लांबते, सव्वातीनच्या सुमाराला टोक परत त्याच गोलाला टेकेल तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणांच्या बरोब्बर मधून काठीपर्यंत रेघ ओढा, ती उत्तर-दक्षिण. उद्यापासून सावली रेघेवर आली की मध्यान्ह. फक्त साधारण १६ मे ते २७ जुलै दुपारची सावली दक्षिणेला पडते, तेव्हा रेघ त्या बाजूलाही वाढवून ठेवा, जुलैत तसंही ढगच असतात म्हणा.

संध्याकाळी सूर्यास्ताला किती वेळ उरला ते बघायला हात ताठ करून सूर्यापासून खाली क्षितिजापर्यंत मुठी मोजा. व्हिडिओत एका बोटाला १५ मिनिटं सांगतात, ते आपल्याकडे जास्तच होतं, इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, अख्ख्या मुठीला ४०-४५ मिनिटंच धरा. त्यात ठाणे वेस्टला येऊरचा डोंगर आडवा, सूर्य दिसेनासा झाला तरी सूर्यास्त बाकी असतो, किती मिनिटं ते एकदा कॅलेंडरवरून बघून ठेवा. कळवा-ऐरोलीवाल्यांना पारसिकमुळे हाच त्रास सकाळी.

रात्री घटिकापात्र, लग्नात गुरुजी घंगाळात वाटी सोडायचे तेच. केकच्या फॉइलच्या वाटीला सुईने बारीक भोक पाडून पाण्यावर सोडा, २४ मिनिटांत बुडाली की एक घटका. लवकर बुडली तर भोकाला जरा मेण. माझी १९ मिनिटांत बुडते, मेण लावायचा कंटाळा, मी १९ च धरतो.