चुंबकी नॅनोकणांवर एन्झाइम बसवताय? या चुका टाळा

मॅग्नेटाइटचे (चुंबकी लोह ऑक्साइडचे) कण, त्यांवर एपीटीईएस या सिलेन रसायनाने अमाइन गट, मग अमाइनला अमाइन जोडणारा दुवा म्हणून ग्लुटारअल्डिहाइड, शेवटी एन्झाइम. कृती चार ओळींची, म्हणून नवखे धावत सुटतात आणि त्याच खड्ड्यात पडतात.

पहिला खड्डा ट्रिस बफरचा. ट्रिसमध्ये स्वतःचाच प्राथमिक अमाइन गट असतो. ग्लुटारअल्डिहाइडला तो आणि एन्झाइममधलं लायसिन (अमाइन गट असलेलं अमिनो आम्ल) सारखंच. त्यात ट्रिस मिलिमोलरमध्ये, एन्झाइम मायक्रोमोलरमध्ये. जागा कोण पटकावणार ते उघड आहे. आमच्या एका ज्युनियरने फॉस्फेट बफर वापरला होता, तरी कण पुन्हा वापरताना दुसऱ्याच फेरीत लायपेज या मेद तोडणाऱ्या एन्झाइमची सक्रियता जवळपास गायब. बिचारा आठवडाभर पीएच आणि तापमान बदलत बसला. शेवटी एन्झाइमच्या बाटलीवरचं लेबल वाचलं: साठा मुळातच ट्रिसमध्ये! ब्रॅडफर्ड या प्रथिन मोजणाऱ्या चाचणीत प्रथिन ‘बसलेलं’ दिसत होतं, पण ते नुसतं विद्युतभारामुळे चिकटलेलं. एक मोलर मिठाच्या द्रावणाने धुतल्यावर निघून आलं. तेव्हापासून बाटली कुठलीही असो, मी आधी रात्रभर फॉस्फेटमध्ये डायलिसिस करते, म्हणजे पडद्यातून लहान रेणू बाहेर जाऊ देते. अमोनियम सल्फेटमधला साठा असेल तरीही तेच, कारण अमोनियाही तशीच जागा अडवतो. ‘थोडंसंच तर आहे’ हे मला सांगू नका. आणि मिठाचं पाणी वगळून केलेल्या धुण्याला मी धुणं म्हणत नाही.

चुंबकी कण मॅग्नेटिक स्टररवर ढवळू नका. हसू नका, दरवर्षी कोणीतरी करतंच. सगळा माल ढवळकांडीला चिकटतो. शेकर किंवा रोटेटर वापरा.

कण वाळवून पावडर करू नका. एकदा गुठळ्या झाल्या की सोनिकेशनने (ध्वनिलहरींच्या माऱ्याने) पूर्ववत होतीलच असं नाही, आणि एन्झाइम बसवल्यावर प्रोब सोनिकेटर लावणं म्हणजे कत्तलच.

सक्रियता मोजताना कण क्युव्हेटमध्ये (प्रकाशमापनाच्या पारदर्शक नळीत) ठेवून 405 नॅनोमीटरला रंगाचं वाचन घेतात. कण स्वतःच प्रकाश शोषतात आणि विखुरतात! चुंबकाने कण बाजूला काढा, मग वाचा.

पेरॉक्सिडेजवर (हायड्रोजन पेरॉक्साइड वापरणाऱ्या एन्झाइमवर) काम करणाऱ्यांनी तर एन्झाइमविना कणांचा कंट्रोल ठेवलाच पाहिजे. मॅग्नेटाइट स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साथीने टीएमबी हे चाचणीतलं रंगद्रव्य निळं करतं, अगदी एन्झाइमसारखं. 2007 पासून हे छापील आहे. तरी ‘सक्रियता वाढली’ असे आलेख येतच राहतात. मी कोऱ्या कणांचा आकडा आधी मागते, आलेख नंतर बघते.