तंत्रशाळेच्या कार्यशाळेत बाहेरची ऑर्डर घ्यायची असेल तर

मुंबईच्या बोरीबंदर स्टेशनाच्या (आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) नक्षीकामाचा मोठा भाग जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली केला. गिऱ्हाइकाचं काम आणि शिक्षण एकत्र नांदू शकतं, हे त्यातून दिसतं. पण ब्रिटिश काळातली दुसरी बाजूही शाळा चालवणाऱ्यांनी विसरू नये. १८५० च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने १० ते १८ वर्षांच्या मुलांना, विशेषतः अनाथ आणि गरीब मुलांना, जास्तीत जास्त ७ वर्षांच्या कराराने उस्तादाकडे बांधून देता येई. अशा व्यवस्थेत उस्तादाचा फायदा उघड असतो: मुलाला एक काम जमलं की त्याला त्यावरच बसवून ठेवायचं. माल भराभर निघतो, मुलगा मात्र अर्धाच शिकतो. आज ऑर्डर घेणाऱ्या शाळेलाही हाच मोह होतो. त्यातून वाट काढण्याची ही पद्धत फिटर विभागासाठी आहे.

ऑर्डरला हात लावण्याआधी प्रत्येकाकडून ८०×५०×१० मिमीचा पोलादी तुकडा चारही बाजूंनी काटकोनात उतरलेला हवा. व्हाइसचा (तुकडा घट्ट धरणाऱ्या शिकंजाचा) वरचा काठ मुलाच्या कोपराच्या उंचीला यावा. ठेंगण्या मुलाच्या पायाखाली फळी द्यावी. बास्टर्ड म्हणजे जाड दात्यांच्या कानशीने काम करताना मापाच्या अर्धा मिमी आधी थांबावं, मग मध्यम दात्यांची सेकंड कट आणि शेवटी बारीक दात्यांची स्मूथ. बहुतेकांचा पृष्ठभाग मध्ये फुगतो. कानस पुढे ढकलताना दाब आधी पुढच्या हातावर, मध्ये दोन्ही हातांवर सारखा आणि शेवटी मुठीकडच्या हातावर सरकायला हवा. तसा सरकला नाही की कानस डोलते. गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरला की फट दिसते, ती मुलालाच शोधू द्यावी. मागे ओढताना दाब दिल्यास दाते बोथट होतात, घासलेल्या जागी तेलकट बोट लागल्यास कानस घसरते. दात्यांत कीस अडकून ओरखडे पडू लागले तर ब्रशने साफ करून खडू घासावा. नवी कानस आधी पितळेवर वापरावी.

आता ऑर्डर. समजा ४० ब्रॅकेट आहेत. आखणी, कापणी, कानसकाम, छिद्रं, जोडणी असे टप्पे पाडून फळ्यावर नावांचा तक्ता लावावा. एकच मुलगा सलग दोन दिवस त्याच टप्प्यावर दिसला तर त्याची जागा बदलावी, भले त्याचा हात सर्वांत सफाईदार असो. काम यामुळे रेंगाळतं, म्हणून गिऱ्हाइकाकडून बाजारातल्या कारखान्याच्या दुप्पट मुदत आधीच मागून घ्यावी.

किंमत काढताना लांबी, रुंदी आणि जाडी मिमीत घेऊन त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला ०.०००००७८५ ने गुणावं. पोलादाचं वजन किलोत मिळतं. वरचा तुकडा ०.३१४ किलो भरतो. प्रत्येक कापणीत वाया जाणारे २ ते ३ मिमी वेगळे धरावेत. मजुरी मात्र बाजारभावानेच लावावी. स्वस्तात काम दिलं तर आसपासच्या छोट्या कारखान्यांचं काम तुटतं, आणि आपली मुलं उद्या नोकरी मागायला तिथंच जाणार असतात. मजुरीतला मुलांचा वाटाही ऑर्डर घेतानाच लेखी ठरवावा.

जुन्या यंत्राची दुरुस्ती आली तर टॅप (छिद्रात आटे पाडायचं हत्यार) उचलण्याआधी आटे मोजावेत. ब्रिटिश काळातल्या यंत्रांवर व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे आटे सापडतात. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थला इंचात १२ आटे आणि कोन ५५ अंश असतो, तर युएनसी या अमेरिकी मापाला १३ आटे आणि ६० अंश. दोन्हींची गल्लत झाली तर नट दोन फेरे सहज जातो, मग अडतो. तिथं पाना लावून जोर दिला की आटे मरतात. थ्रेड गेज (आट्यांचं माप तपासायच्या पट्ट्या) लावून पाहायला मिनिटही लागत नाही.

स्टोअरमध्ये प्रत्येक मुलाच्या नंबराचे पितळी बिल्ले ठेवावेत. हत्यार घेतलं की त्याच खिळ्यावर बिल्ला टांगायचा, सुटी होण्याआधी सगळे बिल्ले परत यायला हवेत. कानशी एकमेकींवर टाकू नयेत. कडक दाते एकमेकांवर घासून तुटतात. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत सरफेस प्लेटवर (सपाटी तपासायच्या लोखंडी पाटावर) एका रात्रीत गंज धरतो. ती रोज पुसून, तेलाचा पातळ हात देऊन लाकडी झाकणाखाली ठेवावी, आणि अर्धवट राहिलेल्या जॉबलाही तेल लावूनच तो कपाटात जावा.