लाकडी सांगाड्याच्या वाढीव खोलीत भिंतींना पाणी सुटते? या चुका टाळा

बैठ्या घराच्या मागे किंवा गच्चीवर लाकडी सांगाडा उभा करायचा, बाहेरून सिमेंट शीट आणि आतून जिप्सम बोर्ड ठोकायचे, मध्ये ग्लासवूल (उष्णता अडवणारा काचतंतूंचा कापूस) भरायची आणि एसी लावायचा, अशा पद्धतीने मुंबईत खोल्या वाढवल्या जातात. पहिल्याच पावसाळ्यात स्कर्टिंगपाशी ओल उमटते, कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि घरमालक गळती समजून वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतो. पुष्कळदा ते पाणी छतातून आलेले नसते, तर हवेतल्या वाफेचे भिंतीच्या पोटातच झालेले असते.

याचे सर्वांत महागात पडणारे कारण म्हणजे वाफ अडवण्यासाठी भिंतीत घातला जाणारा पॉलिथिनचा (प्लास्टिकच्या कागदाचा) थर चुकीच्या बाजूला लावणे. इंग्लंड-कॅनडातील व्हिडिओ पाहून हा थर जिप्सम बोर्डाच्या लगेच मागे लावला जातो. त्या देशांत ते योग्यच आहे, कारण तिथल्या हिवाळ्यात घर आतून उबदार असते आणि वाफ आतून बाहेर जाऊ पाहते. मुंबईत जून ते सप्टेंबर याच्या नेमके उलट घडते. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा सुमारे २६ अंशांपर्यंत थंड होताच पाणी सोडू लागते. आत एसी २२ वर चालू असेल, तर बोर्डामागचे पॉलिथिनही जवळपास तितकेच थंड असते. बाहेरच्या फटींतून शिरलेली दमट हवा त्याला मागून भिडते आणि गार पाण्याच्या तांब्यावर थेंब धरावेत तसे तिथे पाणी धरते.

गोराईतील एका घरी सलग दोन पावसाळे बाहेरून वॉटरप्रूफिंग करूनही ओल हटली नव्हती. मालकीणबाईंच्या बोलण्यातून खरा धागा सापडला: कुटुंब आठवडाभर गावी गेले असताना मुसळधार पाऊस होऊनही खोली कोरडी राहिली होती आणि परत येऊन रात्रभर एसी चालवल्यावर सकाळी स्कर्टिंग पुन्हा ओले झाले होते. पावसाशी न जुळणारी आणि एसीशी जुळणारी ओल ही गळती नव्हे. एक बोर्ड उतरवला तेव्हा पॉलिथिनच्या मागच्या अंगावरून पाणी ओघळत होते, ग्लासवूल खाली चिंब होऊन बसली होती आणि सांगाड्याच्या तळाच्या आडव्या लाकडात स्क्रू ड्रायव्हर सहज रुतत होता. शेवटी कुजलेले लाकूड बदलले, ग्लासवूल नवी भरली, पॉलिथिन आतून काढून ग्लासवूलच्या बाहेरच्या अंगाला लावले, त्याचे जोड टेपने बंद केले आणि सिमेंट शीटच्या मागे पट्ट्या मारून पावसाचे पाणी उतरायला मोकळी जागा ठेवली. त्यानंतर आत ऑइल पेंट किंवा व्हिनाइल वॉलपेपर लावू दिला नाही, कारण तेही आतून पॉलिथिनचेच काम करतात.

दुसरी चूक घाईची आहे. ‘गणपतीच्या आत खोली हवी’ या हट्टापायी ऐन श्रावणात ओले लाकूड बोर्डाखाली बंद केले जाते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला, की कुजवणाऱ्या बुरशीचा धोका सुरू होतो, आणि पावसाळ्यात वखारीतून आलेले लाकूड बरेचदा त्याच्याही वर असते. ओलावा मोजणाऱ्या मीटरवर १५ च्या आत आकडा दिसल्याशिवाय मी बोर्ड लावू देत नाही, मग सुतार कितीही कुरकुरला तरी चालेल. बाहेरची बाजू आणि छत मे महिन्यातच पूर्ण करावे. तसे जमले नाही, तर गणपती उघड्या सांगाड्याच्या खोलीत बसवावेत, मखराच्या मागे पडदे लावावेत आणि आतले बोर्ड दिवाळीनंतर ठोकावेत. ज्यांना इतके थांबवत नाही, त्यांनी लाकडी बांधकामाच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

एसीच्या पाइपसाठी पाडलेले भोक कडेने उघडे ठेवू नये आणि भिंतीतून जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांवरचे रबरी आवरण जोडापाशी तुटू देऊ नये. छोट्या खोलीत दोन टनांचा एसी बसवू नये. तो हवा झटकन गार करून थांबतो आणि ओलावा ओढायला त्याला वेळच मिळत नाही. बाथरूमचा एक्झॉस्ट फॉल्स सीलिंगमध्ये सोडू नये. ‘खोलीला हवा लागू दे’ म्हणून जुलैत एसी चालू असताना खिडक्या उघडू नयेत, कारण बाहेरची हवा आतल्यापेक्षा दमट असते. बुरशीवर रंग मारणे हा तर उपायच नव्हे.

खोली आधीच चुकीची बांधली गेली असेल, तर लगेच सगळी भिंत फोडण्याची गरज नाही. एसीच्या वाऱ्याचा झोत ज्या भिंतीवर पडतो, तिथे स्कर्टिंगच्या वर वीतभर रुंदीचा बोर्ड कापून हात घालून पाहावे. आत पॉलिथिन ओले लागले, तर एसी २६ वर ठेवून, फटी बुजवून पावसाळा निभावावा आणि हवा कोरडी झाल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस, भिंत उघडून थर बदलावा.