बीपीएमएन मॉडेलरला आपलं प्लगइन कसं जोडायचं: सोयाबीन खरेदीचं उदाहरण घेऊन

लातूर भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं खरेदीचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. दसऱ्याच्या सुमारास काट्यावर सोयाबीनच्या गाड्या लागायला सुरुवात होते. आवक नोंद, भरल्या गाडीचं वजन, नमुना, ओलाव्याची तपासणी, माल उतरवणं, रिकाम्या गाडीचं वजन, पट्टी आणि शेवटी शेतकऱ्याच्या खात्यावर पैसे, असा सगळा क्रम. हा क्रम कोडमध्ये गाडला गेला तर तो फक्त प्रोग्रामरला कळतो. आकृतीत मांडला तर मापाडी, मुनीम, संचालक, सगळेच त्यावर बोट ठेवून बोलू शकतात. कामाची प्रक्रिया आधी आकृतीत आणि मग त्याच आकृतीवरून संगणकात, हा मार्ग मला म्हणूनच मोलाचा वाटतो.

आकृतीची भाषा बीपीएमएन २.०. ओएमजी या संस्थेने ती २०११ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१३ मध्ये ती आयएसओ १९५१० हे आंतरराष्ट्रीय मानक झाली. फाइल साध्या एक्सएमएलची असते, म्हणून एका साधनात काढलेली आकृती दुसऱ्यात उघडता येते. अडचण येते ती त्यापुढे. आकृती काढायला मी कॅमुंडा मॉडेलर घेतलं. ते एमआयटी परवान्याखाली आहे, डेस्कटॉपवर चालतं आणि इंटरनेट नसलं तरी त्याचं अडत नाही. आमच्याकडे ऐन हंगामात नेट जातं तेव्हा याची किंमत कळते. प्रक्रिया चालवायला इंजिन घेतलं फ्लोएबल, अपाचे २.० परवान्याचं. फ्लोएबलच्या सातव्या आवृत्तीपासून मुक्त स्रोत पॅकेजमधलं आकृती काढायचं पान काढून टाकलेलं आहे, म्हणजे बाहेरचं मॉडेलर लागतंच. आणि काम कोणत्या गटाकडे जायचं हे कॅमुंडा मॉडेलर स्वतःच्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे स्वतःच्या ओळखीखाली, लिहितं, ते फ्लोएबल वाचत नाही. आकृती उघडते, चौकोन दिसतात, पण 'हे काम मापाड्याचं' ही माहिती इंजिनपर्यंत पोचत नाही.

अशा वेळी बरेच जण मॉडेलरचा सगळा कोड उतरवून घेतात आणि त्यातच बदल करतात. कृपा करून तसं करू नका. पुढची आवृत्ती आली की तुमचे बदल तिच्यात पुन्हा बसवत बसावं लागतं, आणि लहान गावातल्या लहान टीमला ते झेपत नाही. मूळ साधनाला हात न लावता बाजूला आपलं छोटं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा कोड, ठेवा. या साधनांची रचना त्याचसाठी केलेली आहे.

आधी कागद

कोड लिहिण्याआधी काट्यावर जाऊन बसा. मी आकृतीचा पहिला कागद मापाडीकाकांपुढे ठेवला तेव्हा ते म्हणाले, "ताई, चौकोन बरोबर हायेत, पण ओलावा किती चालतो ते कुठं लिवलंय?" आमच्या प्लगइनचा सगळा आराखडा या एका प्रश्नातून निघाला. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के, पण ती कधी शिथिलही होते. २०२४ च्या हंगामात केंद्राने १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली होती. म्हणजे हा आकडा आकृतीत दिसायला हवा, बदलता यायला हवा आणि इंजिनलाही कळायला हवा. तुमच्या कामातले असे आकडे कोणते, एवढीच यादी करा. आमची यादी ओलाव्याची मर्यादा, तपासणी कोण करणार आणि पावती निघते की नाही, इथेच संपली. बाकीचं बीपीएमएनमध्ये आधीपासून आहे. जे आहे ते पुन्हा बनवू नका.

आपल्या माहितीचं वर्णन

बीपीएमएनच्या प्रत्येक घटकात 'एक्स्टेन्शन एलिमेंट्स' नावाची जागा मानकानेच मोकळी ठेवली आहे. आपली माहिती तिथे, आपल्या नेमस्पेसखाली ठेवायची. नेमस्पेस म्हणजे वेबपत्त्यासारखी दिसणारी एक ओळख. त्या पत्त्यावर खरंच पान असलं पाहिजे असं नाही. पण एकदा ठरवलेली ओळख पुन्हा बदलू नका, नाहीतर जुन्या फाइलींतली माहिती नव्या प्लगइनला आपली वाटणार नाही.

कॅमुंडा मॉडेलरच्या पोटात बीपीएमएन-जेएस ही लायब्ररी असते, आणि एक्सएमएल वाचण्या-लिहिण्याचं काम तिच्यातला मॉडल हा भाग करतो. मॉडलला आपली माहिती एका जेसन फाइलमधून सांगायची: नाव, उपसर्ग, नेमस्पेसचा पत्ता आणि प्रकारांची यादी. ओलाव्याच्या तपासणीसाठी एक प्रकार करा, त्याचा मूळ प्रकार 'एलिमेंट' द्या आणि मर्यादा हा त्याचा गुणधर्म अ‍ॅट्रिब्यूट म्हणून नोंदवा.

फ्लोएबलसाठी अशीच दुसरी छोटी फाइल करा. तिच्यात उपसर्ग आणि नेमस्पेस फ्लोएबलचा स्वतःचा. इथे नवा प्रकार स्वतंत्र न ठेवता, बीपीएमएनचा युजर टास्क (माणसाने करायचं काम) वाढवतोय असं 'एक्स्टेंड्स' वापरून सांगायचं आणि असायनी (काम करणारी व्यक्ती), कँडिडेट ग्रुप्स (काम करू शकणारे गट) हे गुणधर्म द्यायचे. एवढ्याने मॉडेलर फ्लोएबलला समजेल अशी फाइल लिहायला लागतं. फ्लोएबलचे सगळे गुणधर्म उतरवत बसू नका. जे वापरता तेवढेच.

मॉड्यूल एकदाच लिहा, दोन ठिकाणी जोडा

बीपीएमएन-जेएसचं मॉड्यूल म्हणजे साधा जावास्क्रिप्ट ऑब्जेक्ट. तुमच्या क्लासला मॉडेलरमधल्या कोणत्या सेवा हव्यात ते 'डॉलर इंजेक्ट' या यादीत लिहायचं: घडामोडी ऐकायला इव्हेंटबस, बदल करायला मॉडेलिंग, खुणा लावायला ओव्हरलेज. सुरुवातीलाच जागं व्हायचं असेल तर मॉड्यूलच्या 'इनिट' यादीत नाव द्यायचं.

हे मॉड्यूल आमच्याकडे दोन ठिकाणी चालतं. कंपनीच्या वेबपानावर बीपीएमएन-जेएस सुरू करताना ते 'अ‍ॅडिशनल मॉड्यूल्स'मध्ये आणि जेसन फाइली 'मॉडल एक्स्टेन्शन्स'मध्ये द्यायच्या. डेस्कटॉपवर कॅमुंडाच्या प्लगइन हेल्पर्स पॅकेजमधली नोंदणीची फंक्शन्स वापरायची, एक मॉड्यूलसाठी आणि एक मॉडलच्या वर्णनासाठी. मग वेबपॅक या साधनाने सगळ्याची एक फाइल करायची. वेबपानावर एक गोष्ट पाळा: कोपऱ्यातलं बीपीएमएन डॉट आयओचं चिन्ह झाकू नका, ते दिसत राहणं ही परवान्याची अट आहे. इतकं चांगलं साधन फुकट मिळतं, त्याच्या कर्त्यांचं नाव दिसायलाच हवं.

डेस्कटॉपवर प्लगइनच्या फोल्डरमध्ये 'इंडेक्स डॉट जेएस' हवी. तिच्यात प्लगइनचं नाव आणि वेबपॅकने बनवलेल्या फाइलचा मार्ग. हवं तर स्टाइलशीट आणि मेन्यूही. हे फोल्डर विंडोजवर अ‍ॅपडेटामधल्या कॅमुंडा-मॉडेलर फोल्डरात, रिसोर्सेस आणि त्यातल्या प्लगइन्समध्ये ठेवायचं. लिनक्सवर होम फोल्डरमधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात तीच रचना असते. मॉडेलर बंद करून पुन्हा उघडा. प्लगइन दिसलं नाही तर एफ१२ दाबून डेव्हलपर टूल्समध्ये लाल अक्षरं शोधा. बहुतेक वेळा फाइलचा मार्ग चुकलेला असतो.

बदल करताना आणि दाखवताना

ओलाव्याची मर्यादा घटकात लिहिताना थेट ऑब्जेक्टमध्ये किंमत भरू नका. नेहमी मॉडेलिंग सेवेतून 'अपडेट प्रॉपर्टीज' करा. थेट भरलेली किंमत दिसते खरी, पण अन्डू तिला ओळखत नाही आणि फाइल बदलली आहे हे मॉडेलरला कळतच नाही. मुनीमजी सेव्ह न करता खिडकी बंद करतात आणि मॉडेलर विचारतसुद्धा नाही.

मर्यादा चौकोनावर दिसायची असेल तर दोन वाटा आहेत. ओव्हरलेची वाट सोपी: चौकोनाच्या कोपऱ्यात '१२ %' अशी एचटीएमएलची चिठ्ठी लावायची आणि घटक बदलला की ती नव्याने लावायची. पडद्यासाठी एवढं पुरतं. पण आकृती चित्र म्हणून एक्स्पोर्ट केली की ओव्हरले त्यात येत नाही. आम्हाला आकृती छापून काट्याच्या खोलीत भिंतीवर लावायची होती, आणि त्या कागदावर आकडाच नसेल तर मापाडीकाकांच्या प्रश्नाचं उत्तर कुठे मिळालं? म्हणून दुसरी वाट: स्वतःचा रेंडरर, म्हणजे घटकाचं चित्र काढणारा कोड. बेस रेंडररवरून आपला क्लास काढायचा, प्राधान्य १००० पेक्षा जास्त द्यायचं म्हणजे मूळ रेंडररच्या आधी आपल्याला विचारणा होते, आणि 'कॅन रेंडर'मध्ये फक्त आपली तपासणी असलेल्या घटकांनाच होकार द्यायचा. चौकोन मूळ रेंडररकडूनच काढून घ्या आणि वर आपला आकडा तेवढा जोडा. मेहनत थोडी जास्त आहे, पण छापील कागदावर सगळं येतं.

मराठी अक्षरांसाठी वेबपानावर टेक्स्ट रेंडररची सेटिंग्ज बदला. मूळ फॉन्ट एरियल, १२ पिक्सेलचा, आणि ओळीची उंची १.२. त्यात 'मूल्य'खाली 'तपासणी' आलं की वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. नोटो सान्स देवनागरी आणि १.४ उंची ठेवा. टास्कचा चौकोन मुळात १०० बाय ८० असतो. लांब नाव मधूनच तुटतं, तेव्हा नाव छोटं ठेवा किंवा चौकोन ओढून मोठा करा. नावं मराठीतच असू द्या, पण घटकाचा आयडी रोमन लिपीत, अक्षराने सुरू होणारा आणि मध्ये जागा न सोडता लिहा. मॉडेलरचं गुणधर्माचं पॅनेल मराठी आयडी स्वीकारत नाही.

इंजिनच्या बाजूला

फ्लोएबलमध्ये आपले एक्स्टेन्शन एलिमेंट्स हरवत नाहीत. जावाच्या डेलिगेटमध्ये (त्या टप्प्यावर इंजिन चालवतं त्या आपल्या कोडमध्ये) 'डेलिगेट हेल्पर' वापरून चालू घटकाचे एक्स्टेन्शन एलिमेंट्स मागा, त्यातून मर्यादा घ्या आणि ओलावामापकावरून आलेल्या आकड्याशी तुलना करा. पुढचा फाटा, म्हणजे माल उतरवायचा की वाळवणीला परत, गेटवेवर, म्हणजे आकृतीतल्या निर्णयाच्या खुणेवर, ठरतो. हंगामात सूट जाहीर झाली की आकृतीत १२ चे १५ करून नवी आवृत्ती इंजिनवर चढवायची. आधी सुरू झालेल्या गाड्या जुन्याच आवृत्तीवर पूर्ण होतात.

चढवताना दोन गोष्टी बघा. प्रोसेसवरचा 'इज एक्झिक्यूटेबल' हा गुणधर्म खरा असला पाहिजे, नाहीतर फ्लोएबल ती फाइल नाकारतं. आणि फाइलचं नाव 'डॉट बीपीएमएन' किंवा 'डॉट बीपीएमएन२० डॉट एक्सएमएल' असं संपलं पाहिजे. इंजिन स्प्रिंग बूट या जावाच्या चौकटीत चालवत असाल तर रिसोर्सेसमधल्या 'प्रोसेसेस' फोल्डरात ठेवलेली फाइल आपोआप चढते.

फिरून येण्याची चाचणी

वापरात आणण्याआधी हे एक काम टाळू नका. आकृती सेव्ह करा, प्लगइन काढून मॉडेलर उघडा, तीच आकृती उघडा, एखादा चौकोन हलवा आणि पुन्हा सेव्ह करा. आता एक्सएमएल उघडून बघा. मर्यादा जिथे होती तिथेच असली पाहिजे, कारण न ओळखलेली एक्स्टेन्शन माहितीही मॉडल जपून परत लिहितं. ती गायब झाली असेल तर नेमस्पेसची घोषणा किंवा एक्स्टेन्शन एलिमेंट्सची जागा चुकली आहे. ज्या संचालकाकडे किंवा ऑडिटरकडे तुमचं प्लगइन नाही, त्याच्या संगणकावर उघडलेल्या आकृतीतूनही शेतकऱ्याच्या मालाचा नियम पुसला जाता कामा नये.

यापुढे बीपीएमएनलिंट या आकृतीतल्या चुका शोधणाऱ्या साधनात स्वतःचा नियम लिहिता येतो: तपासणी आहे पण मर्यादा नाही, अशा घटकावर इशारा. नियम म्हणजे घटक तपासणारं एक फंक्शन, आणि इशाऱ्याचं वाक्य मराठीत लिहिता येतं. आमच्याकडे तो 'ओलाव्याची मर्यादा भरलेली नाही' असा दिसतो.

सगळ्या फाइली, आकृतीसकट, गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवा. पॅकेज डॉट जेसनमध्ये लायब्ररींच्या आवृत्त्या पक्क्या लिहा आणि हंगाम चालू असताना त्या बदलू नका. मॉडेलरची नवी आवृत्ती घ्यायची ती उन्हाळ्यात, काटा शांत असतो तेव्हा: आधी एका संगणकावर, वरची फिरून येण्याची चाचणी पुन्हा करून, आणि मगच मुनीमजींच्या टेबलावर.