चामखीळ काढायला जाण्याआधी

सगळ्यात आधी दोरा, घोड्याचा केस आणि बिब्बा बाजूला ठेवा. आमच्या आईच्या मानेवर मिरीच्या दाण्याएवढी एक चामखीळ लोंबत होती, मंगळसूत्र रोज तिच्यात अडकायचं. शेजारच्या काकूंनी केस बांधायला सांगितला, तो बांधून झाला. ती सुजली, काळी पडली, पण गळली काही नाही. मावशीने गावाहून पाठवलेला बिब्बा मात्र आम्ही लावू दिला नाही, कारण बिब्ब्याचं तेल कातडीवर फोड आणतं आणि डाग मागे ठेवून जातं. चुना, उदबत्तीचा चटका हेही त्याच माळेतले मणी. यातलं काही आधीच करून झालं असेल तर डॉक्टरांपाशी लपवू नका. भाजलेल्या जागी मुळात काय होतं ते ओळखणं त्यांना अवघड जातं.

मग एखाद्या दुपारी खिडकीपाशी उजेडात बसून मोजणी करा. पाठीसाठी घरातलं कुणीतरी लागेल. आपण सरसकट सगळ्याला चामखीळ म्हणतो, पण देठावर लोंबणारी मऊ चामखीळ वेगळी, विषाणूमुळे होणारा खरखरीत मस वेगळा (तो पसरतो आणि काढला तरी परत येऊ शकतो), गालांवरचे आईकडून मुलीकडे आलेले बारीक काळे दाणे वेगळे, आणि कातडीखाली बोटाने सरकणारी चरबीची गाठ तर अगदीच वेगळी. गाठीला चिरा आणि टाके लागतात, बाकीच्यांचं बहुतेकदा आरएफच्या (रेडिओफ्रीक्वेन्सीच्या, म्हणजे विजेवर चालून जाळणाऱ्या) सुईवर किंवा गोठवून भागतं.

तिळांकडे मात्र नीट बघा. शेजारी कंपासपेटीतली पट्टी धरून फोटो काढा, तारीख लिहून ठेवा. तिळाचा एक अर्धा दुसऱ्यासारखा दिसत नसेल, कड फाटल्यासारखी असेल, एकाच तिळात दोन-तीन रंग असतील, रुंदी ६ मिलिमीटरच्या वर असेल किंवा गेल्या काही महिन्यांत तो बदलला असेल, रक्त येत असेल, तर तो काढायच्या यादीत नाही, आधी दाखवायच्या यादीत घाला. तळपाय आणि नखांखालची जागाही बघायला विसरू नका. त्वचेचा मेलॅनोमा हा कर्करोग आपल्याकडे कमी आढळतो, पण होतो तेव्हा बरेचदा तिथेच होतो, आणि तळपाय कोण रोज बघतं?

आता कुणाकडे जायचं. ‘मोल रिमूव्हल’ची पाटी हल्ली पार्लरच्या दारावरही दिसते. तिथे जाऊ नका, एवढंच सांगते. त्वचारोगाची पदवी किंवा पदविका असलेले डॉक्टर हवेत, आणि त्यांनी यंत्र हातात घेण्याआधी डर्मोस्कोप, म्हणजे दिव्याचं भिंग, त्या जागेवर टेकवून बघायला हवं. न बघता ‘झोपा, आत्ता जाळून टाकू’ म्हणणाऱ्याकडून मी तरी उठून येईन. जळलेली गोष्ट तपासायला पाठवता येत नाही.

फोनवरच पैशाचं विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी भाव नगावर असतो, म्हणून ती मोजणी कामाला येते. तपासणी फी, भूल आणि लॅब त्यात धरलीय की वेगळी, हेही विचारा. दिसण्यासाठी केलेलं काम मेडिक्लेममध्ये सहसा बसत नाही.

खिशात गोळ्यांची चिठ्ठी ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. पेसमेकर असेल तर ते तर आधी सांगा, कारण सुईत वीज असते. दाताच्या डॉक्टरांकडे भुलीच्या इंजेक्शनने कधी त्रास झाला होता का, कान टोचल्यावर तिथे गाठ वाढली होती का, हे आठवून जा. अशा कातडीवर, विशेषतः छातीवर आणि खांद्यावर, व्रण फुगतो. मानेवर पुष्कळ चामखिळी आणि मान काळवंडून जाड झालेली असेल तर डॉक्टर साखर तपासायला सांगतील. आईला सांगितली होती, आणि ती निघालीही जास्त.

तारीख लग्नकार्याच्या तोंडावर धरू नका. चेहऱ्यावरची खपली आठ-दहा दिवसांत पडते, पण आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर तिथला काळसर डाग काही आठवडे, कधी काही महिनेही रेंगाळतो. त्या काळात सनस्क्रीन लागतं, आणि खपली नखाने काढायची नाही, हे सांगूनही सगळे काढतात.

त्या दिवशी नेहमीसारखं जेवून जा, पुढून बटणं असलेला कपडा घाला, गळ्यातलं घरी ठेवा. भुलीचं मलम लावणार असतील तर तासभर आधी पोचावं लागतं. केस जळल्यासारखा वास येतो, तो आपलाच असतो, दचकू नका. आईने तर ‘गॅसवर काही राहिलंय का’ असं विचारलं होतं.

जे कापून काढलं, ते तपासायला जाणार का, हे टेबलावरून उठण्याआधी विचारा. जाणार असेल तर फॉर्मालिनच्या, म्हणजे काढलेला तुकडा टिकवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीवर तुमचं नाव आणि ‘मान, डावी बाजू’ अशी जागा लिहिलेली स्वतः वाचून बघा. आमच्या बाटलीवर आडनाव चुकलं होतं, नर्सने तिथल्या तिथे खोडून नीट केलं. रिपोर्ट यायला आठवडाभर लागला. तो आईने विजेच्या बिलांच्या पिशवीत ठेवलाय, हवा तेव्हा सापडावा म्हणून.