शेजाऱ्यांना विचारा, मग सुपरनोव्हावर बोला

जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा पहिल्यांदा हातात येतो तेव्हा खोडदच्या ३० डिश, प्रत्येकी ४५ मीटर, टोकाच्या अँटेनांमधलं २५ किलोमीटर अंतर, सगळं तोंडपाठ असतं. डेटा साफ करायला बसलं की त्यातलं काहीही कामाला येत नाही.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका सुपरनोव्हाची मी महिन्याच्या अंतराने तीन निरीक्षणं घेतली. तिसऱ्या वेळी फ्लक्स, म्हणजे रेडिओ तेज, १८ टक्क्यांनी खाली! धक्कालहर दाट वायूतून बाहेर पडली, असा परिच्छेदही लिहून टाकला. गाइड एवढंच म्हणाले, "शेजारी काय म्हणतात?" मला वाटलं, शेजारच्या खोलीतली मुलं.

त्यांना त्याच इमेजमधले बाकीचे स्रोत म्हणायचे होते. मी दहा ठिपके मोजले. नऊ तितकेच मंदावलेले. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या नऊ दीर्घिका एका महिन्यात ठरवून मंदावत नाहीत. घोळ ३सी४८ च्या स्कॅनमध्ये होता. हा आमचा कॅलिब्रेटर, म्हणजे तेज आधीच माहीत असलेला स्रोत, ज्याच्या मापाने बाकीचे मोजायचे. आरएफआय, म्हणजे माणसांच्या उपकरणांचा रेडिओ गोंगाट, पूर्ण उडाला नव्हता, त्यामुळे कॅलिब्रेटर आहे त्याहून तेजस्वी भासला. किलोचं माप जड निघालं की भाजी कमी भरते, तसं सगळं आकाशच कमी भरलं.

म्हणून फ्लक्स कॅलिब्रेटर एकदाच घेऊन निघू नका. जमेल तेव्हा निरीक्षणाच्या दोन्ही टोकांना घ्या. त्याचा डेटा अँटेनागणिक डोळ्यांनी बघा. हो, सगळ्या तीस. कंटाळा येतो. सीनियरची स्क्रिप्ट आंधळेपणाने चालवणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही, कारण मी त्यातलाच होतो. आणि निरीक्षणाच्या दिवशी बाहेरचे अँटेना बंद असतील तर बीम, म्हणजे इमेजमधल्या एका ठिपक्याचा आकार, बदलतो. यजमान दीर्घिकेचा उजेड तुमच्या ठिपक्यात मिसळतो. तुलना करताना प्रत्येक वेळी यूव्ही रेंज (अँटेनांच्या जोड्यांमधल्या अंतरांचा पट्टा) सारखीच ठेवा.

काही दिसलं नाही म्हणून मात्र रडत बसू नका. कमी फ्रिक्वेन्सीला शोषण जास्त, त्यामुळे स्फोट तिथे उशिरा उजळतो. जीडब्ल्यू१७०८१७ ही न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर तर, कारण वेगळं असलं तरी, अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीलासुद्धा १६ दिवसांनी दिसली. न दिसण्याची वरची मर्यादाही (तेज यापेक्षा जास्त नव्हतं, एवढं) छापता येते. गाइड रोज भेटत नसतील तरी चालतं, महिन्यातून एकदा असा एक प्रश्न विचारला तरी पुरे.

परिच्छेद खोडला. कॅलिब्रेशन सुधारल्यावर नऊ ठिपके जागेवर आले. दहावा मात्र आधी हलला नव्हता, म्हणजे आता तो वर गेलाय. तो कोण आहे, ते बघायचं राहिलंय.